डोक्यावरचा पाइप

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडात
कॉलेजची पोरं पाइप घेऊन आली.
म्हणाली, भरमाण्णा, हा वाकवून द्या,
हेल्मेटच्या वर चार बोटं राहायला पाहिजे.
गाडीला छत नाही, दार नाही, मडगार्ड नाही,
चारी चाकं अंगाबाहेर,
ओढ्यात उताणं पडलेल्या खेकड्यागत.
चाकं झाकत का नाही रे, मी विचारलं.
सुहास म्हणाला, झाकली तर बघायला कोण येणार की!

बरोबर आहे त्याचं.
मी नऊ वर्षांचा असताना कडोलीच्या माळावर
दोरीच्या पहिल्या रांगेत उभा होतो.
गाडा उलटला, जू मोडलं, धूळ उठली
आणि मी टाळी वाजवली.
खाली माणूस आहे हे कळायच्या आधी,
का कळल्यावर,
तेवढंच आठवत नाही.

पाइप वाकवताना आत वाळू भरावी लागते,
कोरडी, चाळलेली, ठासून,
नाहीतर बाकावर चेपतो.
हे त्यांच्या पुस्तकात होतं, पण
ठासायची किती, ते नव्हतं.
तोलून सुहास म्हणाला, तीन किलो. जड झालाय, अण्णा.
फेरीमागं दशांश सेकंद जाणार.
दशांश म्हणजे किती?
त्यानं चुटकी वाजवली.
चुटकी वाजायच्या आत, म्हणाला.

रविवारी मच्छ्याच्या पुढं,
जिथं वसाहतीचे रस्ते झाले आणि कारखाने आलेच नाहीत,
चार कॉलेजं, सात गाड्या.
स्पीकरवरची बाई एक वाक्य मराठीत,
एक कन्नडात,
ओरडायची मात्र एकाच भाषेत.
वळणावर जुने टायर, वाळूची पोती,
आणि चुन्याच्या रेघेवर बांधलेली दोरी.
दर फेरीला दोरी वीतभर पुढं सरकायची.
कोणी ढकलत नव्हतं.
सगळे नुसते बघत होते.

आमच्या गाडीत शिवलीला हिरेमठ, बैलहोंगलची.
सातव्या फेरीला आत घुसली.
फिरतं चाक फिरत्या चाकाला टेकलं
की ढकलत नाही,
वर चढवतं.

मी लोखंड आयुष्यभर बघितलंय,
उडताना पहिल्यांदाच.
शिट्ट्या अर्ध्या तोंडातच राहिल्या.
गाडी उलटी, डांबरावर घासत,
ठिणग्यांची एक लांब रेघ,
आणि त्या आवाजात
मला माझा जोड ऐकू येत होता,
धरलाय, धरलाय, अजून धरलाय.

पट्ट्यात उलटी लटकलेली पोरगी
स्वतःच सुटून बाहेर आली,
हेल्मेट काढून म्हणाली, एनू आगिल्ल.
काही झालं नाही.
मग जी टाळी पडली
ती जिंकलेल्या गाडीलाही मिळाली नाही.
माझे हात दोरीवर होते.
दोरी पोटाशी होती,
आणि चुन्याची रेघ
माझ्या मागं, तीन पावलांवर.

सोमवारी पोरं शेडात मोबाइल घेऊन,
बघा अण्णा, कसली उडालीय!
सावकाश लावून, पुन्हा, पुन्हा उलटं लावून,
गाडी आभाळातून परत रस्त्यावर उतरते
आणि कोणाला काहीच होत नाही.
पाइप कुठं दिसत नाही.
धुळीत आहे.

संध्याकाळी शिवलीला एकटीच आली.
कोपऱ्यात पडलेल्या पाइपला एका बाजूनं
नाण्यासारखी चकाकी आली होती.
तिनं तिथं अंगठा फिरवला.
मला वाटलं, आता गाडी सोडणार पोरगी.
तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली,
अण्णा, हे धरतंय म्हणून कळलं.
आता त्या वळणाला ब्रेक उशिरा मारतो मी.

मी तिच्याकडं बघितलं.
तिच्या गळ्यावर पट्ट्याचा जांभळा वळ होता.
पाइप मी तिला वाचवायला केला होता,
ती त्याला परवानगी समजून बसली होती.
आणि खरं सांगायचं तर
ते वळण, तो उशिरा दाबलेला ब्रेक,
मला आत्ताच दिसायला लागला होता,
पहिल्या रांगेतून.

नवीन किती किलोचा करायचा, तिनं विचारलं.
सव्वातीन, मी म्हणालो,
आणि वाळू चाळायला घेतली.